खंडेनवमी आणि ब्रेकचा दिवा

ब्रेकचा दिवा लागतो का हे बघायला मी ब्रेक दाबला, खाली उतरलो आणि मागे जाऊन पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. पुन्हा तसंच केलं; पुन्हा अंधार. पायही माझ्याबरोबर गाडीमागे आला होता, हे डोक्यात शिरलं नाही. मी बल्ब बदलला, फ्यूजच्या जागी जाडशी तार घातली आणि शेवटी नाद सोडला.

सत्तरच्या दशकातली, खंडेनवमीच्या सकाळची ही गोष्ट. साताऱ्यात आमच्याकडे एक जुनी मोटार होती. धाकटा मेहुणा फौजेत. त्याची सुट्टी संपत आलेली आणि आगगाडी दुपारी मिरजेहून. ती चुकली म्हणजे पलटणीत हजर व्हायला उशीर, आणि उशिराला तिथं शिक्षा. तरी पूजेशिवाय निघायचं नाही, असं बायकोचं ठरलेलं. पाने, पकड, पेचकस सगळं देव्हाऱ्यापुढं मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मोटारीला झेंडूची माळ हवी होती. दोरा मिळेना, म्हणून मी फुलं बारीक तारेत ओवली आणि तिचं टोक मागच्या दिव्याच्या कव्हराच्या फटीत खोचलं. कव्हर मीच बसवलेलं, त्यामुळे फट भरपूर होती.

उंब्रजला बैलगाडी आडवी आली. ब्रेक दाबला आणि इंजिन बंद. कराडला तेच. पुढं तर ब्रेक दाबावा आणि गाडी मरावी, वर जळकट वास.

"कार्बोरेटर," मी म्हणालो.

"दाजी, ब्रेक कवा दाबला ते कार्बोरेटरला कसं कळतंय?" मेहुण्यानं विचारलं.

मी हॉर्न वाजवला. मागे बायको भावाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

पेठ नाक्यावर गॅरेज दिसलं. मिस्त्री नवा सदरा घालून दारात बसलेला.

"आवं, हत्यारं पुजल्यात. उद्या सोनं लुटल्यावर या."

"आमची हत्यारंपण घरी पूजेतच आहेत. आणि याची गाडी दुपारी सुटते."

"मग हातानं बघा की. हात कुठं पुजल्यात?"

मेहुण्यानं इंजिन चालू करून मला आत बसवलं आणि स्वतः मागे गेला.

"दाबा." दाबला. इंजिन गेलं.

"दिवा?"

"न्हाई. ठिणगी उडाली." त्यानं माळेची तार फटीतून उपसली. "ह्या तारेनं शॉर्ट हुतंय. आता चालू करून दाबा."

इंजिन चालू राहिलं. दिवाही लागला.

"दिवा तर झ्याक हाय. सकाळी न्हवता म्हणालासा? ब्रेक कुणी धरला हुता?"

"मीच."

"आन् बगितलं कुणी?"

मी आरशात मागचा रस्ता न्याहाळू लागलो.

"हसू नगंस रं," मिस्त्री त्याला म्हणाला आणि स्वतः मात्र पोट धरून हसला.

मिरजेला आगगाडी उभीच होती. मेहुण्यानं बहिणीच्या पायाला हात लावला, डबा घेतला आणि ट्रंक खांद्यावर टाकून पळाला. डबा सांडू नये म्हणून तो तिरका पळत होता. गाडी सुटली.

परतताना सांगली मागे पडली. मी दोन-तीनदा ब्रेक दाबून इंजिन चालू असल्याचं बायकोला दाखवलं. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आवं, नाक्यावर अजून तासभर काय सापडलं नसतं आन् त्याची गाडी चुकली असती, तरी मी तुमाला बोलले नसते."