कड नसलेला अणू

मी विरारच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि माझी बायको रांगोळी काढते. दारापुढची नव्हे, प्रदर्शनातली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही मोजून घ्याव्यात अशी. गेल्या दिवाळीआधी ती म्हणाली, "चेहरे सगळेच काढतात. यंदा तुझा अणू काढते."

मी हरखलोच. पण तिने कागदावर रेखाटलं ते पाठ्यपुस्तकातलं चित्र. मधे गोळा, भोवती कड्या, कड्यांवर मणी.

"असा नसतो गं तो."

"मग मुलांना असाच कसा शिकवतोस?"

मी समजावायला बसलो. इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेवरून फिरत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता जास्त आणि कुठे कमी, एवढंच सांगता येतं. जास्त तिथे रंग दाट, पुढे विरळ.

"आणि संपतो कुठे?"

"संपत नाही. विरत जातो."

तिने पेन्सिल खाली ठेवली. तिचं नाव झालं होतं ते रेखीव कडांमुळे.

दुसऱ्या दिवशी मनवेलपाड्याच्या आमच्या घरातला सोफा भिंतीला लागला. जमिनीवर काळा रंग पसरून ती चहाच्या गाळणीतून पांढरी रांगोळी चाळू लागली. कधी मधे ढीग व्हायचा, कधी कड उमटायची. मी शेजारी गुडघे टेकून "अजून विरळ" म्हणत राहिलो. शेवटी तिने गाळणी माझ्याच हातात दिली. माझा अणू बघून आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

"केंद्रक कुठे दाखवू?"

"दाखवूच नकोस. एवढ्या चित्रात ते तुझ्या एका कणाहूनही बारीक होईल."

प्रदर्शन निर्मळला होतं, तिच्या माहेरीच. तिच्या मावशीने वाकून पाहिलं. "रांगोळी सांडली का गं?"

मी पुढे सरसावलो, तर तिने मला कोपराने मागे सारलं आणि स्वतःच सांगू लागली. आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, न कंटाळता. मी मागे उभा राहून ऐकत होतो. एवढा अभिमान मला स्वतःच्या तासाचाही कधी वाटला नव्हता.

बक्षीस एका चेहऱ्याला मिळालं. स्कूटरवर ती निम्मी वाट फुगून बसली होती, मग म्हणाली, "चेहरा चांगला होता पण."

हल्ली त्या रांगोळीचा फोटो मी वर्गात दाखवतो. परवा एक मुलगी म्हणाली, "सर, फोटो ब्लर आलाय."

"नाही," मी म्हणालो, "अणू तसाच आहे."