पायरीवरून पडलेली बाई

परवा विद्यार्थ्यांना एक्स-रेच्या किरणांपासून वाचवणारा लेड एप्रन बांधायला शिकवताना त्याचा कोंदट रबरी वास आला आणि नगरच्या रुग्णालयातले माझे शिकाऊ तंत्रज्ञाचे दिवस आठवले. कोल्हारकडची एक तरुण बाई सुजलेला हात सांभाळत एक्स-रेला आली होती. तिला नाव विचारलं तरी उत्तर नवराच देत होता.

"पायरीवरून पडली," तो म्हणाला.

पडणारा माणूस तळहात टेकतो आणि मनगट दुखावतं. हिचं मनगट धड होतं आणि काळानिळा वळ कोपराच्या खाली आडवा उमटला होता. मला संशय आला. मला काम शिकवणाऱ्या आमच्या मॅडमकडे मी पाहिलं.

"आत किरणं असतात, तुम्ही बाहेर थांबा," त्या त्याला म्हणाल्या.

"ऱ्हातो की हितंच."

"नाही चालत." मॅडमनी दार लावून घेतलं.

मी तिचा गार पडलेला हात एक्स-रे फिल्मच्या कॅसेटवर ठेवला. दाराकडे बघत ती पुटपुटली, "पडले न्हाई मी. काठी डोक्यात बसत हुती, म्हनून हात आडवा घातला."

फिल्मवर हाड मधोमध मोडलेलं दिसलं. मॅडमनी डॉक्टरांना सांगितलं, तिच्या भावाला बोलावून घेतलं. ती भावाबरोबर माहेरी गेली.

ती पडलेली नाही हे ओळखल्याचा तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आता वाटतं, मॅडमनी नवऱ्याला बाहेर काढलं नसतं, तर कागदोपत्री ती बाई पायरीवरूनच पडली असती.