काशीचा हिवाळा आणि वैद्याने चाखलेले लाडू

हिवाळ्यात काशीला जावं का, असं कुणी विचारलं की मी डोळे मिटून हो म्हणतो. फक्त पोट रिकामं घेऊन जा. मी गेलो तो नव्वदच्या दशकातल्या एका पौषात, वहिनीच्या पत्रामुळे. माझे मामा तिथे वैद्य. वहिनी म्हणजे त्यांची सून. तिने लिहिलं होतं, "भावजी, सासूबाई गेल्यापासून मामंजी एक वेळ कोरडी खिचडी खातात. तूप नाही, दूध नाही. स्वेटर खुंटीला टांगल्यासारखा दिसतो अंगावर. हे रेल्वेच्या ड्यूटीवर, आणि माझं ते ऐकत नाहीत. तुम्ही या."

आता मी कोण सांगणार? चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टर मित्राच्या धाकाने मीही तेलतूप सोडलं होतं. पिशवीत बिनतेलाचे खाकरे. उपाशी माणसाला जेवायला लावायला दुसरा उपाशी निघाला!

कल्याणहून गाडी धरली. अलाहाबादपर्यंत सगळं ठीक, पुढे धुकं. सहा तास उशीर. स्टेशनवरून चौकापर्यंत सायकलरिक्षा, पंधरा रुपये. त्यापुढे गल्ल्या, आणि गल्लीत पहिला हक्क बैलाचा. मामांचं घर संकठा घाटाच्या वर. मणिकर्णिकेचा स्मशानघाट तिथून चालत पाच मिनिटांवर. मामींना नेलं तेव्हा गाडीसुद्धा लागली नव्हती, असं मामा कोरडेपणाने म्हणाले. बस, मामींबद्दल तेवढंच.

सकाळी पहिलं काम मलइयो. दुधाचा केशरी फेस, रात्रभर दवात ठेवलेला. ऊन चढलं की संपला. पथ्य मोडून मातीच्या कुल्हडातून दोनदा खाल्ला. खाल्ला म्हणायचं इतकंच, जिभेवर टेकेपर्यंत नाहीसा होतो.

परतलो तर मामांच्या बैठकीत पेशंट जमलेले. मामा एका हलवायाला बजावत होते, "जाड़े में पेट की आग तेज होती है. घी, तिल, उड़द, गरम दूध. आग को लकड़ी नहीं दोगे तो घर ही जलाएगी."

हलवाई म्हणाला, "वैदजी, बुरा न मानें, आपका घर तो आधा जल चुका."

सगळे हसले. मामा हसले नाहीत.

मग माझी नाडी धरली. "अरे, लाकूड आहेस लाकूड! तेलतूप कुणी बंद केलं?"

"डॉक्टरांनी."

"तो जिवंत आहे का?" मामांनी चिठ्ठी लिहिली : उन्हात बसून तिळाचं तेल अंगाला, मग कढत पाण्याने आंघोळ, रोज एक डिंकाचा लाडू, रात्री सुंठ घातलेलं दूध.

"पण मामा, घरात वर्ष पाळताय. गोडधोड चालतं का?"

"लाडू कुठे? औषध आहे ते."

वहिनी दारात उभी होती. तिने मान वर केली, आणि मला वाटलं, हिला काहीतरी सुचलं.

मामांचा चाळीस वर्षांचा नेम : आपण चाखल्याशिवाय पेशंटला काही द्यायचं नाही. मामी असताना त्या वाटी घेऊन यायच्या. संध्याकाळी वहिनी लाडू घेऊन आली. "मामंजी, चाखून द्या ना. भावजींचं आहे."

मामांनी लाडू उलटसुलट करून बघितला. शेवटी चिमूटभर तोंडात टाकला. "डिंक कच्चा राहिलाय. दाताला चिकटतो. परत कर."

दुसऱ्या दिवशी सुंठ इतकी, की मामांच्या डोळ्यांत पाणी. तिसऱ्या दिवशी खारीक कमी, गूळ जास्त. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो. "वहिनी, काय चाललंय? गणपतीत तुझ्या हातचे मोदक खाऊन अख्खी गल्ली आडवी होते."

ती डिंक तुपात तळत होती. "तीन घाणे मुद्दाम बिघडवले, भावजी. आता बिघडवायचं काय ते सुचेना. तुम्हीच सांगा."

"जायफळ विसर."

"सूनबाई," मागून आवाज आला. मामा दारात. आम्ही दोघं चोरी पकडल्यासारखे. "जायफळ विसरू नकोस. ती कधी विसरायची नाही."

खाली पाटावर बसले. वहिनीने जायफळ घालून लाडू वळला, तो मामांनी घेतला, आणि अख्खा खाल्ला. सावकाश. "नीट केलास तरी चाखीन म्हटलं," ते म्हणाले. "इतका वाईट स्वयंपाक रोज सोसवत नाही." वहिनीने पदराने डोळे पुसले. सुंठ नव्हती त्यात फारशी.

आठवड्याने निघालो. घरी येऊन खाकरे शेजाऱ्यांना दिले. त्यांनी अजून क्षमा केलेली नाही. पौषात तूप, तीळ, गरम पाणी एवढं मात्र पाळतो. वाद घालणाऱ्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारावं.

माघात वहिनीचं पत्र आलं : "तुमच्यासाठी म्हणून दोनदा लाडू केले. पाठवण्याआधी मामंजी चाखतात. डबा काही भरत नाही."

त्या हिवाळ्यात काशीहून मला एकही लाडू आला नाही. मी रोज टपालाची वाट बघायचो, आणि काही आलं नाही की खूश व्हायचो.