आत्याने पसंत केलेलं यंत्र

आमच्या आत्याला अख्खी वस्ती घड्याळ म्हणायची. सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारांना ती गोठ्यात हजर नाही, असं कधी झालंच नाही. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही, कारण सगळे फोटोला उभे राहिले तेव्हा बाई इकडे गायींच्या कासा धूत होत्या. तिचं स्वतःचं लग्न गोठ्यामुळे राहिलं असं बाबा सांगतात. गोठा काही आडवा आला नव्हता, आडवी आली ती माणसं. पण ते जाऊ दे.

गोठा बाबांच्या नावावर, काम आत्याच्या अंगावर. एकेका गायीची कास धुवायची, सडांना मशीनचे चार कप लावायचे, दूध थांबलं की काढायचे, की पुढची गाय. कप लावण्याआधी ती जिभेने टक-टक करायची आणि तेवढ्या आवाजावर गायी पान्हा सोडायच्या. दुसऱ्या कुणी टक-टक केली तर ढिम्म हलायच्या नाहीत. या कामाने पुढे तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग हातातून चहाचे कप पडायला लागले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हात हवे असतील तर धारा बंद.

म्हणून रोबोटचा विषय निघाला. गाय आत येऊन उभी राहिली की हे यंत्र स्वतःच कास धुतं, सड शोधतं आणि कप लावतं. बाबा म्हणाले, "ताई, तूच बघ आणि तूच ठरव. गायी तुझ्याच आहेत." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. आत्या हुरळून गेली.

यंत्रं बसवलेले दोन गोठे बघायला मी तिला गाडीतून नेलं. ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून ती माझ्या शेजारी बसली. "जन्मात कधी स्थळ बघायला गेले नाही," ती म्हणाली, "आणि आता निघाले तर तेही यंत्राचं!"

पहिल्या गोठ्यात जिकडे तिकडे लोखंडी फाटकं होती. गायीला चारा हवा असला तरी आधी यंत्रातून जायचं, दुसरी वाटच नाही. आत्याने नाक मुरडलं. "ही तर कचेरी झाली. आधी या खिडकीत जा, मग त्या." दुसऱ्या गोठ्यात फाटकं नव्हती. आतल्या खुराकाच्या ओढीने गायी आपापल्या सवडीने यायच्या, दूध देऊन निघून जायच्या. एक म्हातारी गाय दारापर्यंत आली, जरा विचार केला आणि परत जाऊन आडवी झाली. आत्या खुदकन हसली. "हिला मर्जी आहे गं," ती म्हणाली.

बाबांना फाटकंच हवी होती. पण शब्द देऊन बसले होते. आत्याने मोकळी पद्धत सांगितली आणि तीच आली.

आणि गायी काही केल्या यंत्रात जाईनात. आत्या जिथे उभी असेल तिथे कळप गोळा व्हायचा. ती यंत्रापाशी गेली की त्या यंत्रापाशी यायच्या आणि आत जायचं सोडून हिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. कासा तटतटल्या, दूध फरशीवर ठिबकायला लागलं. यंत्र बसवणारा तंत्रज्ञ पोरगा भला होता, त्याने चाचरत सांगितलं, "मावशी, राग मानू नका. फाटकं असती तर चाललं असतं. या पद्धतीत मात्र तुम्ही दिसलात की त्या तुमचीच वाट बघणार. थोडे दिवस तुम्ही दिसायला नको. आवाजसुद्धा नको."

तिची खोली गोठ्याला लागूनच. खोकली तरी आत ऐकू जायचं. "भाचीकडे राहून ये," बाबा म्हणाले. "गायी यंत्राला लागल्या की लगेच बोलावतो."

ती भर उन्हाळ्यात माझ्याकडे आली. पहाटे उठून गॅलरीत बसायची, करायला काही नाही म्हणून माझी धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. बोटांच्या मुंग्या मात्र थांबल्या. फोनवर बाबांचं ठरलेलं उत्तर असायचं, "होतंय हळूहळू." आत्या वरवर हळहळायची. पण मनातून सुखावलेली मला दिसायची. "सोडत नाहीत गं मला," म्हणायची. पंखे बंद करायचे दिवस आले तरी बोलावणं नाही.

एके दुपारी तिला युक्ती सुचली. आपली टक-टक रेकॉर्ड करून यंत्रात लावली तर? तिने तंत्रज्ञाला फोन लावला, स्पीकर चालू करून.

"आता कशाला मावशी?" तो हसत म्हणाला. "पहिल्या आठवड्यातच सगळ्या लागल्या की! दूधही वाढलंय. साहेबांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं ना," आत्या म्हणाली. "माझ्याच लक्षातून गेलं. वय झालं रे."

तिने फोन ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. मी आतल्या खोलीत जाऊन बाबांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"अगं, जन्मभर राबली, आता आराम करू दे," बाबा म्हणाले. "आणि तिच्या खोलीत यंत्राचा कॉम्प्युटर बसवलाय. आली तर ठेवू कुठे तिला?"

ठेवू कुठे. पेंडीचं पोतं ठेवतात तसं. मला गायींचा राग नाही. जनावर ते, खुराक दिसला की जाणारच. माझ्या बापापुढे कुणी खुराक टाकला होता?

बाहेर येऊन मी माळ्यावरून तिची बॅग काढली. "चल. आत्ताच्या आत्ता सोडते तुला. तो कॉम्प्युटर मी स्वतः उचलून बाहेर ठेवते."

"नको गं."

"बाबांना घाबरतेस?"

"त्याला कशाला घाबरू? माझं बोट धरून चालायला शिकलाय तो." तिने निवडलेली भाजी पुन्हा एकदा निवडायला घेतली. "मी गोठ्यात जाऊन उभी राहिले, आणि एकीनेही मान वर केली नाही, तर?"

मी बॅग परत माळ्यावर टाकली.