सिस्टर अंजूला बघायला आल्या

अंजूचं लग्न ठरवायचं नव्हतं. तरी पोहे मीच केले.

अंजू म्हणजे बेटेगावात माझ्या शेजारी राहणाऱ्या मेरी आणि सायमनची लेक. मी तिची काकी. रक्ताची नव्हे, भिंतीची. (आमची भिंत एकच आहे. तिकडे कांदा चिरला की इकडे माझे डोळे पाणावतात.) पोरीचं कॉलेज झालं, बोईसरला एका कंपनीच्या ऑफिसात चांगली नोकरी लागली, आणि एके दिवशी तिने जाहीर केलं, "मी सिस्टर होणार." दवाखान्यातली नव्हे हो, कॉन्व्हेंटमधली! दोन वर्षं तो एकच ध्यास. शेवटी तिकडून निरोप आला : एक सिस्टर घरी येतील, आईबापांशी बोलतील, आणि मुलीला आत घ्यायचं की नाही ते ठरवतील.

मेरी धावतच माझ्याकडे आली. "काकी, तुमी बसा आमच्यासंगती. आमाला असं बोलता नाय येत. आणि ह्यांचं तर तुमाला माहीतच हाय."

सायमनचं सगळ्या गावाला माहीत आहे. तो दिवसभरात जेवढं बोलतो, तेवढं मी चूळ भरताना बोलते.

"तू अजिबात काळजी करू नकोस," मी म्हटलं. अहो, सफाळ्यापासून तारापूरपर्यंत कितीतरी मुलींची लग्नं मी जमवली! माणूस येणार, मुलगी बघणार, हो नाहीतर नाही म्हणणार. यात नवीन ते काय?

(नवीन ते काय, हे मला तासाभरातच कळलं.)

त्या दिवशी अंजूला मी माझी मोरपंखी पैठणी नेसवली.

"काकी, अगं मी कॉन्व्हेंटमध्ये चाललेय!"

"म्हणून काय पारोशासारखी बसणार?"

वर गजराही माळला. ती काढायची, मी परत माळायचे. असं चाललेलं असतानाच रिक्षा दारात थांबली, आणि गजरा डोक्यातच राहिला!

सिस्टर आत आल्या. फिकी साधी साडी, पायात झिजलेल्या चपला. नजर मात्र अशी, की डबा उघडायच्या आधीच आतली भाजी ओळखतील. त्यांनी गजरा बघितला, पैठणी बघितली आणि खुर्चीवर टेकल्या. मी अंजूच्या हातात ट्रे दिला.

"घ्या ना पोहे. अंजूनेच केलेत," मी सुरुवात केली.

"छान झालेत," सिस्टर म्हणाल्या. "अंजू, लिंबू किती पिळलंस गं?"

अंजूने मान खाली घातली. "मी नाही केले, सिस्टर. काकीने केले."

"लाजते हो!" असं म्हणून मी हसून घेतलं. सिस्टर हसल्या नाहीत.

आता घाबरल्यावर लोकांची बोबडी वळते. माझी जीभ सुटते! "स्वभावाने अगदी गाय. कुणाला कधी उलट बोलली नाही. ऊठ म्हटलं की उठणार, बस म्हटलं की बसणार. स्वतःचं असं मतच नाही पोरीला!"

एरवी या वाक्यावर सासवा चहाचा दुसरा कप मागतात. सिस्टरांनी पहिलाच खाली ठेवला.

"स्वतःचं मत नाही?"

"छे! औषधालासुद्धा नाही!"

"मग कॉन्व्हेंटमध्ये यायचं, हे मत कुणाचं?"

उत्तर समोर बसलं होतं, पैठणी नेसून. पण सवयीची जीभ ती! "मोठ्यांचंच की. घरच्यांच्या शब्दाबाहेर नाही ती."

मेरीने कपाळाला हात लावला. सिस्टर सायमनकडे वळल्या. "आम्ही कुणी पाठवलेली मुलगी घेत नाही. तिने स्वतःहून यावं लागतं. तुम्ही पाठवताय का हिला?"

सायमनने घसा खाकरला. सगळ्या वर्षाचं बोलणं त्याने जणू याच क्षणासाठी जपून ठेवलेलं! "मला तर ती जायला नकोच हाय."

झालं! अंजूचा चेहरा पांढराफटक. आता सावरायचं कुणी? मीच! "अहो, नाहीच जमलं तरी पोरगी काही अडून नाही राहायची. तारापूरचा एक मुलगा आहे माझ्या नजरेत, कंपनीत परमनंट..." असं म्हणत मी चक्क मोबाइलमधला त्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला!

सिस्टरांनी फोटो पाहिला. मग हळूच पिशवी उचलून उठल्या. "म्हणजे लग्न टाळायला ही आमच्याकडे येतेय, असं तर नाही ना? मला वाटतं, घाई नको. एखादं वर्ष जाऊ दे. मग बघू."

तेवढ्यात ट्रे धाडकन टेबलावर आदळला. अंजू उभी राहिली. तिने गजरा उपटून फेकला, पैठणीचा पदर कमरेला खोचला.

"काकी, आता एक शब्द जरी बोललीस ना, तर बघ! मी गाय नाही! दोन वर्षं पप्पांशी भांडतेय मी. ममी रडली, तरी मागे हटले नाही. तू आणलेलं एकेक स्थळ मी हाकलून लावलंय, एकाला तर फाटकातूनच! लग्नाला घाबरून नाही, सिस्टर. मला हेच करायचंय म्हणून. आणि पोहे मला येत नाहीत! भातसुद्धा करपतो!"

"खरं हाय," सायमन म्हणाला. "लय भांडते." मग बाहीने डोळे पुसले. "न्या तिला. घरात ठेवली तरी तिचा जीव तिकडंच."

मी डोळे मिटून घेतले. इतकी तोंडाळ मुलगी बघून कुठलंही स्थळ चप्पल न घालता पळालं असतं! डोळे उघडले, तर सिस्टर परत बसलेल्या आणि गार झालेला चहा पीत होत्या.

"आता मुलीचा आवाज ऐकला," त्या म्हणाल्या. "अंजू, जूनमध्ये ये. भात आम्ही शिकवू."

मेरी लेकीच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, पण पैठणीला डाग पडू नये म्हणून जरा लांबून.

रिक्षापाशी मी सिस्टरांना हात जोडले. "मी तिला भेटायला आले तर चालेल ना हो?"

"अवश्य या, काकी. संध्याकाळी आमच्याकडे मौन असतं. त्या वेळी या."

आता महिन्यातून एकदा जाते. अंजू समोर बसते, मी समोर बसते, आणि दोघी एक अक्षर बोलत नाही. पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा घरी मी थाटात सांगितलं, "बघा, आज पूर्ण एक तास गप्प बसले!"

माझी सून म्हणाली, "आई, दर आठवड्याला जात जा की!"