काशिनाथकाकांचा काठ

काशिनाथकाका कोणाच्याही घरी गेले की आधी अंगणाच्या कडेशी थांबत आणि टाचेने कडेची वीट दाबून पाहत. वीट हलली तरी चहा घेत. पण त्या घराबद्दलचं मत तिथेच ठरलेलं असे.

ऐंशीच्या दशकात कामतघरला ते आमचे शेजारी होते. पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. कापड हातात आलं की ते मधे पाहतच नसत. "मधलं कापड कोन पन विनतो," ते म्हणत. "काठ धराला अक्कल लागते. काठ सुटला का सगला माल चिंधी."

मुलीचा, सुनंदाचा, साखरपुडा अंगणात करायचा ठरला, तेव्हा त्यांनी शहाबादी फरशी आणली आणि कडेला उभ्या विटा लावल्या. पण भिंतीपलीकडे लूम धडधडत, तशा विटा बाहेर कलू लागल्या. काकांनी जॉबरलाच सुचेल असा उपाय केला. मागावर सूत ताणून राहावं म्हणून वजनं टांगतात. त्यांनी विटांना बाहेरून तार वेढली आणि तिच्या टोकांना मागाची लोखंडी वजनं टांगली. शिफ्ट सुरू झाली की वजनं एकमेकांवर ठणठण आपटत. कुल्फीवाला आला समजून गल्लीतली पोरं धावत येत.

"अवो, दारात देऊल बांधलंय का?" काकूंनी विचारलं.

तार निघाली. काकांनी चर खणला, विटा अर्ध्या पुरल्या, सुताची दोरी ताणून ओळ धरली आणि सिमेंटने पक्क्या केल्या. हे काम साखरपुड्याच्या सकाळपर्यंत चाललं. मधल्या फरश्यांचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणत, "त्या कुठं पलतात?"

काल्हेरकडून पाहुणे आले. नवऱ्या मुलाची आत्या देहाने भारदस्त होती. ती वाऱ्याला म्हणून थेट काठावर बसली.

"आत्याबाय, तिथं नको! मधी बसा!" काका ओरडले.

"का वो? माझं वजन बघून बोलता?"

"न्हाय, सिमेट वलं हाय."

"आमच्या गावात पाव्हन्याला उठवत न्हाईत!" आत्या उठली. तिच्याबरोबर सगळे पाहुणे उठू लागले. मुलाच्या वडिलांनी टोपी डोक्यावर ठेवली. सुनंदा पोह्यांचा ट्रे घेऊन दारात थिजली.

काकांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा विटांकडे. विटांकडे जरा जास्त वेळ.

"बसा आत्याबाय," ते म्हणाले. "चांगल्या दनकून बसा."

आत्या दणकून बसली. सगळ्यांच्या माना विटांकडे वळल्या. एकही वीट हलली नाही. तेवढ्यात, अंगणाच्या मधोमध, मुलाच्या आजोबांची घडीची खुर्ची सावकाश डावीकडे खचू लागली. फरशीखालची मधली माती धुम्मसाने चोपायची राहूनच गेली होती. आजोबा तिरपे झाले, पण चहाचा कप त्यांनी सरळ धरला होता.

"आरं, मला कुनीतरी काठावर न्या रं!"

सर्वांत आधी हसली ती आत्याच. साखरपुडा झाला, दोन्हीकडची माणसं काठावर ओळीने बसलेली, मधे फक्त पाट आणि भटजी.

सुनंदाचा संसार लागला. पुढे नव्वदीत आत्याने स्वतःच्या अंगणासाठी काकांना बोलावून घेतलं. तिथे त्यांनी आधी मधली माती चोपली, मग काठ घेतला. हातभर ओळ वाळली की हाक मारत, "आत्याबाय!" तव्यावरची भाकरी सोडून ती येई, पदर सावरून विटांवर बसे, इकडून तिकडे डोलून पाही.

"हां," ती म्हणे, "घ्या म्होरं."

मगच काका पुढची वीट उचलत.