ओकेचं हिरवं स्टिकर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही. बहुधा लपवून लपवून दमलो म्हणून.

गोष्ट तशी एवढीशी. एका हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर. अण्णा — माझे वडील — रिटायर झाले तेव्हा मीच आणून दिला होता. आम्ही दिघीत राहतो. मी चाकणला, बायको भोसरीत, दोघंही कंपनीत. दिवसभर घरात अण्णा आणि त्यांची भजनं.

पण आधी अण्णांच्या कानांचं सांगायला हवं. धाराशिवकडून आले आणि तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनांच्या गोंगाटात काढली. बरोबरचे कितीतरी जण बहिरे झाले. अण्णा कानात कापसाचे बोळे कोंबून उभे राहायचे, सगळे हसायचे, पण त्यांनी कान राखले. मशीनचा ठोका ऐकून डाय, म्हणजे साचा, कुठे घासतोय ते सांगायचे. आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटार कुरकुरली की आधी अण्णांना खाली बोलावणं यायचं, मिस्त्रीला नंतर. याचा त्यांना केवढा अभिमान होता, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

मागच्या वर्षी ते म्हणाले, "आवाज फाटायलाय रे याचा. दुकानात दाखवू का?" मी म्हणालो, दुकानात कशाला, मी आहे ना. क्वालिटीतला माणूस मी, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो — चार स्क्रूंचा स्पीकर मला जड जाणार होता?

रविवारी सकाळी उघडला. आतल्या कागदी पडद्यावर लोखंडाचा बारीक चुरा बसला होता. खाली फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि स्पीकर कायम खिडकीत. चिकटपट्टीने टिपून घेतला असता तर काम संपलं असतं. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडायला गेलो. चुंबकाने टोक आत खेचलं आणि पडदा फाटला. अण्णा अंघोळीला गेले होते. मी घाईघाईने गोंद थापला, झाकण बसवलं. हळू आवाजात बरा वाजला. मोठा केला की आधीपेक्षा वाईट.

मग मी — हेच सांगायचं टाळतोय इतका वेळ — कंपनीच्या बॅगेतून स्टिकरची पट्टी काढली. तपासून पास केलेल्या मालावर आम्ही लावतो ते हिरवं, ओकेचं. एक स्पीकरवर चिकटवलं. ओके लागलेल्या मालावर पुन्हा शंका घ्यायची नाही, हे मला नोकरी लागली तेव्हा अण्णांनीच शिकवलं होतं.

संध्याकाळी त्यांनी भजन लावलं. थोडं ऐकून म्हणाले, अजून फाटतोय. मी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणालो, "स्पीकर ओके आहे अण्णा. कान तपासून घ्या आता."

माझ्या हातून फाटला, एवढं म्हणायला काय लागलं असतं? रागावले असते? फार तर हसले असते. अण्णांनी स्टिकरवरून अंगठा फिरवला आणि स्पीकर बंद केला.

तेव्हापासून तो कपाटात आहे. नवीन मी आणला नाही — तो नीट वाजला असता. डॉक्टरकडेही नेलं नाही — कान ठणठणीत निघाले असते. आता ते फोनवर बोलायचं टाळतात. कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजतात आणि तरी बायकोला विचारतात, तीनच झाल्या ना गं? मला ते ऐकवत नाही. तरी मी गप्पच.

गेल्या रविवारी मोटार पुन्हा कुरकुरली. खालचे काका बोलवायला आले. अण्णा म्हणाले, "माझे कान गेले आता. पोराला न्या." आणि मी गेलो. दहाजणांसमोर मोटारीला कान लावला. मला काही कळलं नाही. मिस्त्रीला बोलवा म्हणालो.

वर आलो तर अण्णा जिन्यात कठड्याला धरून उभे. मोटारीपासून दोन मजले वर. म्हणाले, "बेअरिंग गेलंय बघ." मग लगेच, "जाऊ दे. मला कुठं नीट ऐकू येतंय."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बेअरिंगच बदललं. मोटार कशाने बिघडली होती, असं अण्णांनी मला विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.